स्टारबोर्ड: एका वल्ह्यामुळे पडलेलं नाव

बोटीच्या उजव्या बाजूला इंग्रजीत 'स्टारबोर्ड' म्हणतात. वाटतं, खलाशी त्या बाजूने तारे बघत असतील. पण ताऱ्यांचा इथे काही संबंध नाही.

जुन्या इंग्रजीत शब्द होता 'स्टेओरबोर्ड'. 'स्टेओर' म्हणजे बोट वळवण्याचं साधन, 'बोर्ड' म्हणजे बोटीची कड. तेव्हा उत्तर युरोपातल्या बोटींना मागे मधोमध सुकाणू नसायचं. मागच्या टोकाशी, उजव्या कडेला, रुंद पात्याचं एक वल्हं बांधलेलं असायचं. नॉर्वेत १९०४ साली उकरून काढलेलं ओसेबर्ग जहाज इ.स. ८३४ मध्ये पुरलेलं. त्याचंही वल्हं उजवीकडेच. बोटीच्या मागच्या भागाला 'स्टर्न' म्हणतात, तो शब्दही या वळवण्याच्याच कुळातला.

गंमत डावीकडे आहे. उजवी कड धक्क्याला लावली तर वल्हं चिरडणार. म्हणून धक्क्याला डावी कड, आणि मालही तिकडूनच चढवायचा. त्यावरून नाव पडलं 'लाडेबोर्ड'. पुढे 'स्टारबोर्ड'च्या जोडीने बोलून बोलून त्याचं झालं 'लारबोर्ड'.

मी दिवसभर कोड लिहितो. दोन व्हेरिएबलना इतकी सारखी नावं कुणी दिली, तर मी रिव्ह्यूमध्येच परत पाठवीन. इथे तर भर वादळात ओरडून हुकूम द्यायचा! 'स्टार' की 'लार'? ऐकण्यात चूक झाली तर बोट खडकावर. शेवटी ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये 'लारबोर्ड' बाद करून 'पोर्ट' पक्कं केलं, अमेरिकेच्या नौदलाने १८४६ मध्ये.

नाव बदललं, पण हुकूम द्यायची रीत जुनीच राहिली. पूर्वी सुकाणूला दांडा असायचा. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते, आणि हुकूम असायचा दांड्याचा, बोटीचा नाही. १९१२ मध्ये टायटॅनिकसमोर हिमनग आला तेव्हा हुकूम सुटला, 'हार्ड अ-स्टारबोर्ड!' आणि जहाज वळलं डावीकडे. यात कुणाचा गोंधळ नव्हता, नियमच तसा होता. खलाशाच्या हातात तेव्हा दांडा नाही, चाक होतं, तरीही! लेगसी कोड, दुसरं काय. ब्रिटिश जहाजांवरची ही उलटी रीत १९३०च्या दशकात बंद झाली.

आणि आपलं 'सुकाणू'? ते आलं अरबी 'सुक्कान'वरून. आपला 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून, म्हणजे नावेचा धनी. त्या दोघांची गोष्ट पुढच्या एपिसोडमध्ये.