ऑनलाइन आधारगट : सुरक्षितता आणि गोपनीयता (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

व्यसन, स्किझोफ्रेनिया, पार्किन्सन्स, एचआयव्ही यांसारख्या एकाच अडचणीतून जाणारी माणसे किंवा त्यांचे घरचे लोक ठरल्या वेळी व्हिडिओ कॉलवर जमून एकमेकांशी बोलतात, त्याला ऑनलाइन आधारगट किंवा स्वमदत गट म्हणतात. तिथे बोललेले बाहेर जाऊ नये आणि बाहेरच्याला आत शिरता येऊ नये, यासाठी करायची व्यवस्था हा या नोंदीचा विषय. ठाणे ते कल्याण या दाट वस्तीच्या पट्ट्यात या व्यवस्थेला दोन बाजू सांभाळाव्या लागतात. अनोळखी घुसखोराला सेटिंग अडवते. भिंतीपलीकडच्या ओळखीच्या माणसाला कोणतेही सेटिंग अडवत नाही. खरे नुकसान बहुधा त्या दुसऱ्या बाजूने होते.

नाव न सांगता भेटण्याची रीत जुनी आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झाली. तिच्या बारा परंपरा १९५० मध्ये स्वीकारल्या गेल्या आणि त्यांतील शेवटच्या दोन निनावीपणाबद्दल आहेत. मुंबईत एए १९५७ पासून आहे. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) सुरू केली आणि मानसिक आरोग्याचा विषय मध्यमवर्गीय घरांत मोकळेपणाने बोलला जाऊ लागला. तरी १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय असल्याने ‘ठाण्याला पाठवा’ हा टोमणा मुंबई परिसरात अजून ऐकू येतो. ज्या गावाचे नावच असे वापरले जाते, तिथे आपला आजार शेजाऱ्याला कळेल ही भीती पोकळ नसते.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टाळेबंदी लागली, लोकल थांबल्या, सभागृहे बंद झाली आणि जगभरचे गट एकदम फोनच्या पडद्यावर आले. त्याच महिन्यात अमेरिकेत एएच्या झूम मीटिंगमध्ये अनोळखी लोक घुसले. नुकतीच दारू सोडलेल्या माणसांसमोर त्यांनी दारूचे गोडवे गायले, शिवीगाळ केली. झूमने ५ एप्रिल २०२० पासून मोफत खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात केली. त्याच महिन्यात भारताच्या गृह मंत्रालयाने झूमबाबत सूचनापत्र काढले. दर बैठकीला नवा आयडी व पासवर्ड, वेटिंग रूम, यजमान येण्याआधी कोणाला प्रवेश नाही, स्क्रीन शेअरिंग फक्त यजमानाकडे, सगळे आले की मीटिंग लॉक, बाहेर काढलेल्याला पुन्हा प्रवेश बंद, रेकॉर्डिंगवर निर्बंध आणि शेवटी नुसते बाहेर न पडता मीटिंग संपवणे, अशा त्या सूचना होत्या. आजही गटाला एवढी यादी पुरते.

यादीपेक्षा महत्त्वाचा आहे दारावरचा माणूस. बैठक चालवणाऱ्यानेच वेटिंग रूमकडे बघायचे ठरवले, तर कोणी रडत असताना त्याची नजर नव्या नावावर जाते आणि दोन्ही कामे बिघडतात. दाराचे काम दुसऱ्या सदस्याकडे द्यावे. नव्या व्यक्तीशी आधी फोनवर बोलून, ती कोणत्या नावाने येणार हे ठरवून घ्यावे. नाव खोटे असले तरी चालते, दारावरच्याला ते माहीत असले की झाले. वेटिंग रूममध्ये कोणाच्या हँडसेटचे नुसते मॉडेल दिसले, तर आत घेण्याआधी विचारावे. आत घेतलेला माणूस खरा सदस्य आहे की सदस्याचा भाऊ, हे कॅमेरा बंद असताना कळत नाही. म्हणून आवाज एकदा ऐकून घेणे बरे. कॅमेऱ्याची सक्ती मात्र करू नये.

इथल्या घरांचा विचार वेगळा करावा लागतो. वन रूम किचनमध्ये चार माणसे, एकाच वेळी टीव्ही, अभ्यास आणि कुकर. नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचे आणि नवरा त्याच खोलीत! सदस्य मग गच्चीवर, जिन्यात किंवा खाली लावलेल्या गाडीत जाऊन बसतात. डोंबिवली लोकलमधून मीटिंगला जोडले जाणारेही आहेत. इयरफोनमुळे इतरांचे बोलणे डब्यात ऐकू जात नाही, पण स्वतःचे बोलणे आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाते. अशा वेळी फक्त ऐकावे आणि बोलायचे ते चॅटमध्ये, यजमानाला खासगीत लिहावे. पडदाही झाकावा, कारण शेजारी उभ्या प्रवाशाला इतरांचे चेहरे दिसतात आणि त्या चेहऱ्यांची संमती कोणी घेतलेली नसते. ‘मी एकटा आहे’ किंवा ‘घरात माणसे आहेत’ हे सुरुवातीलाच सांगण्याची सवय गटाने लावून घ्यावी. ती पासवर्डपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सर्वांत दुर्लक्षित भाग फोन नंबरचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकले की प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. तो ट्रूकॉलरमध्ये घातला की बहुतेकदा नाव कळते, यूपीआय अ‍ॅपमध्ये घातला की बँक खात्यावरचे पूर्ण नाव येते. निनावी राहण्यासाठी केलेली सगळी खटपट तिथे संपते. मीटिंगच्या खर्चासाठी यूपीआयने वर्गणी गोळा केली, तर खजिनदाराच्या पासबुकात सदस्यांची यादीच तयार होते. लिंक एकेकाला स्वतंत्र पाठवावी किंवा फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल आणि इतरांचे नंबर झाकलेले राहतील अशी सोय वापरावी. ग्रुपचे नाव आजाराचे ठेवू नये. नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवर येते आणि फोन हातात असलेली मुलगी ते वाचते. सोसायटीच्या ग्रुपवर चुकून गेलेली लिंक डिलीट केली तरी तोवर कोणी पाहिलेली असू शकते, तेव्हा मीटिंग रद्द करून नवी काढावी.

रेकॉर्डिंगबाबत गटाने भाबडे राहू नये. अ‍ॅपमधले रेकॉर्डिंग सर्वांना कळते, समोर ठेवलेल्या दुसऱ्या फोनवरचे कळत नाही. मीटिंगमध्ये आपोआप शिरून टिपणे काढणारी एआय साधने आता सर्रास आहेत. एखाद्याने ती ऑफिससाठी घेतलेली असतात आणि त्याच्या कॅलेंडरमधून ती इथेही येतात. सदस्यांच्या यादीत अशा साधनाचे नाव दिसताच ते बाहेर काढावे.

गोपनीयतेला एक अपवाद हवाच. कोणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर गुप्ततेचे वचन मोडून मदत बोलवावी लागते. हे पहिल्या दिवशीच सांगितलेले असावे. शिवाय संपूर्ण निनावी माणसाकडे मदत पाठवायची कुठे? म्हणून प्रत्येक सदस्याच्या जवळच्या एका व्यक्तीचा नंबर एकाच विश्वासू सदस्याकडे असावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १४४१६ ही २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा, हे दोन्ही चॅटमध्ये टाकून ठेवावेत.

कायद्याचे संरक्षण असमान आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला, पण ती पाळण्याचे बंधन उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर घातले. गटातल्या सहसदस्यावर नाही. एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ याहून पुढे जातो. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीविषयक माहिती संमतीशिवाय उघड करण्यास तो कोणालाही मनाई करतो, म्हणजे गटातल्या माणसालाही. हेच संरक्षण व्यसनमुक्तीच्या आणि मनोविकाराच्या गटांना मिळायला हवे.

माहिती फुटलीच, तर जिची फुटली त्या व्यक्तीला सर्वांआधी सांगावे, ग्रुपवर चर्चा करण्याआधी. नंतर लिंक आणि आयडी बदलावा. पडद्याचे फोटो किंवा चित्रण फिरत असेल, तर त्याचा पुरावा जपून १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा सगळा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येतो. तक्रारीत इतर सदस्यांची नावे घालण्याआधी प्रत्येकाला विचारावे.