मौन, संमती आणि कॅमेरा

अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड झाली नाही, म्हणजे संमती होती, हा तर्क आपल्याकडे किती खोल रुजला होता हे पाहायचे तर १९७२ सालच्या देसाईगंजपर्यंत मागे जावे लागते. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी, पोलीस ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाल्याचा आरोप एका आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर केला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे म्हणत नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष ठरविले.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. साहित्याच्या अभ्यासकांनी ते एका संहितेचे चिकित्सक वाचन म्हणूनही पाहावे. 'संमती' आणि 'शरणागती' यांतील अंतर निकालाने पुसले, हाच त्याचा मुख्य आक्षेप होता. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा झाला. हा खटला आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. ते नाव आम्ही येथे घेतलेले नाही.

शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिले जाण्यास मात्र २०१३ साल उजाडले. त्याच दुरुस्तीने आणखी एक भेद केला: चित्रणाला दिलेली संमती ही प्रसाराला दिलेली संमती नव्हे. ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पण तिचा भर खासगी कृतीवर आहे. भर रस्त्यातील चित्रणाचे काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६ई जागा सार्वजनिक की खासगी हे पाहत नाही. परंतु त्याचे संरक्षण शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतेच आहे. पीडितेला कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न येता, फिर्याद नोंदविता येते. अशी नग्न वा लैंगिक दृश्ये समाजमाध्यमांनी तक्रारीनंतर २४ तासांत हटवावीत, असे २०२१ च्या नियमांनी सांगितले.

तरतुदी आहेत, आमची चिंता वाचनाची आहे. एकेकाळी जखम नसणे हा पुरावा मानला गेला. आता चित्रफितीतील स्त्री गप्प का, पळाली का नाही, असे विचारले जाते. कॅमेरा देह दाखवितो, भीती दाखवीलच असे नाही. चित्रफीत गुन्ह्याचा पुरावा होऊ शकेल; तिच्यातील मौन हा संमतीचा पुरावा होऊ शकत नाही.