अहवाल कोण वाचणार?

सुमित्रा भावे म्हटलं की आपल्याला 'कासव' आठवतो, फार तर 'देवराई'. पण या बाई चाळिशी उलटेपर्यंत सिनेमाच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या, हे माहीत होतं?

जन्म १९४३चा, पुण्यातलाच. फर्ग्युसन, पुणे विद्यापीठ, मग टाटा इन्स्टिट्यूटमधून समाजकार्याचं शिक्षण. मध्ये दिल्ली आकाशवाणीवर मराठी बातम्या दिल्या, पुढे वर्षानुवर्षं कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. आपल्या ओळखीतल्या एखाद्या हुशार मावशीचा असावा तसा बायोडेटा!

मग 'स्त्रीवाणी' नावाचा संशोधन प्रकल्प आला. वस्तीतल्या बायका स्वतःकडे कसं बघतात, हा विषय. बायकांनी भरभरून सांगितलं. आठ दलित बायकांच्या कहाण्यांचं 'पॅन ऑन फायर' हे इंग्रजी पुस्तकही १९८८मध्ये निघालं. पण भावेंना प्रश्न पडला तो वेगळाच. ज्यांनी हे सगळं सांगितलं, त्यांच्यापर्यंत ते परत कसं पोचणार? आपल्या भाषेत सांगायचं तर युजरशी तासन् तास बोललो, जाडजूड डॉक्युमेंट केलं, आणि युजरने ते कधी पाहिलंच नाही. आपण अशा वेळी पुढच्या प्रोजेक्टला लागतो. (मी तरी लागतो.) भावे तिथेच अडून बसल्या.

बायकांना वाचता येत नव्हतं, पण सिनेमा त्या आवडीने बघायच्या. बस्स. १९८५मध्ये 'बाई' हा लघुपट आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय होती, पण भावेंचं तिथलं शिक्षण नव्हतं. तिथे शिकायला गेला तो 'बाई'च्या वेळचा त्यांचा तरुण सहायक, सुनील सुकथनकर. पुढे दोघांनी मिळूनच दिग्दर्शन केलं. १९८७च्या 'पाणी'लाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पहिला मोठा चित्रपट 'दोघी' १९९५चा. पण माझ्या मते ऐकून घ्यायची ती संशोधकाची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. 'देवराई'तला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बघा. हिंदी सिनेमातला 'पागल' एकतर हसवायला असतो नाहीतर खून करायला. इथे तो कुणाचा तरी भाऊ आहे आणि त्याच्या बहिणीला काय करावं ते कळत नाहीये. 'अस्तु'मधल्या अल्झायमर झालेल्या आप्पांचंही तेच. कधीकधी त्यांच्या सिनेमात जरा जास्तच समजावून सांगितलं जातं हे खरं. आतली मास्तरीण डोकावते. पण मला ते चालतं.

२०१६च्या 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'पासून मोजलं तर मराठीतलं ते पाचवं. तोही नैराश्याने घेरलेल्या एका तरुणाबद्दल, म्हणजे आपल्याच पिढीबद्दल.

१९ एप्रिल २०२१ला भावे पुण्यातच गेल्या. त्यांचा 'दिठी', दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, महिन्याभराने सोनी लिव्हवर आला. पुरात मुलगा गमावलेला एक वारकरी लोहार, आणि बाहेर धो धो पाऊस... थिएटरं बंदच होती. लोकांनी तो घरी बसून पाहिला.