सोमवार, संध्याकाळी ६:४६

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५
अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी कुणीतरी इंटरनेटवर 'एनपीएमजेएस डॉट हेल्प' हा पत्ता नोंदवून घेतला. जगभरचे प्रोग्रामर जावास्क्रिप्टची पॅकेजेस ज्या एनपीएमवरून उतरवून घेतात, त्याचा खरा पत्ता 'डॉट कॉम'चा आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर
नव्या पत्त्यावरून पॅकेजेस सांभाळणाऱ्यांना मेल आली. तुमची द्विस्तरीय पडताळणी वर्षभरात बदललेली नाही, ती अद्ययावत करा, नाहीतर १० तारखेपासून खातं बंद होईल. 'क्विक्स' या नावाने ओळखला जाणारा एक मुरलेला प्रोग्रामर या मेलला फसला आणि त्याच्या खात्याची किल्ली चोरांच्या हाती गेली. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. कोट्यवधी लोकांच्या कामाला लागणारी अशी पॅकेजेस अनेकदा एकटा माणूस फावल्या वेळात, पगाराविना सांभाळत असतो.

संध्याकाळी ६:४६ (भारतीय वेळ)
त्या खात्यातून विषारी आवृत्त्या बाहेर पडू लागल्या. एकूण १८ पॅकेजेस, आठवड्याला दोन अब्जांहून जास्त डाउनलोड असलेली. त्यांत होती 'चॉक', 'अँसी-स्टाइल्स' आणि 'डिबग'. डिबगची नवी आवृत्ती होती ४.४.२.

संध्याकाळी ७
समजा, याच वेळी घनसावंगीत एखादी मुलगी लॅपटॉप उघडून बसली आहे. आपल्या महसूल मंडळातल्या पावसाच्या नोंदी मोबाइलवर दिसाव्यात म्हणून तिला छोटा एपीआय सर्व्हर उभा करायचा आहे. सगळे सांगतात, त्यासाठी 'एक्सप्रेस' हे पॅकेज घे, हलकं आहे. ते खरंही आहे, दहा-बारा ओळींत पोर्ट ३००० वर सर्व्हर बोलू लागतो. ती 'एनपीएम इन्स्टॉल एक्सप्रेस' टाइप करून एंटर दाबते.

नेमकं काय होतं ते इथे पाहायला हवं. तिने एक पॅकेज मागितलं, पण फोल्डरमध्ये उतरतात साठाहून अधिक, कारण एक्सप्रेसला राउटर लागतो, राउटरला आणखी काही. एक्सप्रेसच्या पाचव्या आवृत्तीला डिबगही लागतो, आणि त्याची अट अशी लिहिलेली आहे : '४.४.० किंवा त्यापुढची, पाचच्या आतली'. एनपीएम इमानाने त्यातली सर्वात ताजी निवडतं. ताजी म्हणजे पाव तासापूर्वी आलेली ४.४.२. शेवटी पडद्यावर ओळ येते : धोके सापडले, शून्य. धोक्यांच्या यादीत हे नाव अजून चढलेलंच नसतं.

जुन्या प्रकल्पात लॉक फाइल, म्हणजे नेमक्या कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या याची यादी, असती आणि तीच पाळणारी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा चालवली असती, तर यादीत लिहिलेला जुना डिबगच आला असता. नव्याने सुरुवात करणाऱ्याकडे मात्र लॉक फाइल कुठून असणार? म्हणजे धोका जास्त तो शिकणाऱ्यालाच.

तिच्या पावसाच्या आकड्यांत चोरांना रस नव्हता. त्यांचा डोळा ब्राउझरमधल्या क्रिप्टो पाकिटांवर होता. पैसे पाठवताना समोरच्याचा पत्ता गुपचूप बदलायचा, तोही दिसायला जवळपास तसाच निवडून. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे एके ठिकाणी हा कोड पकडला गेला तो जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या 'नोड'च्या जुन्या आवृत्तीमुळे. त्या आवृत्तीत चोरांच्या कोडला लागणारं 'फेच' हे फंक्शन नव्हतं, बिल्ड मोडलं आणि माणसांनी आत डोकावून पाहिलं.

रात्री ८:४५
आपलं खातं चोरीला गेल्याचं क्विक्सने जाहीरपणे मान्य केलं. लाजून गप्प न बसता त्याने लगेच विषारी आवृत्त्या काढून टाकायला घेतल्या, पण काम पुरं होण्याआधी खातंच त्याच्या हातून निसटलं. उरलेली सफाई एनपीएमने केली. विष बाजारात होतं साधारण दोन तास. 'विझ' या सुरक्षा कंपनीने पाहिलेल्या क्लाउड यंत्रणांपैकी निदान दहा टक्क्यांमध्ये तेवढ्या वेळात ते पोहोचलं होतं.

चोरांच्या हाती किरकोळ रक्कम लागली. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सोमवार, १५ सप्टेंबर
बरोबर आठवड्याने 'शाय-हुलूद' नावाचा किडा एनपीएमवर पसरत असल्याचं उघड झालं. याला क्रिप्टोची पाकिटं नको होती. पॅकेज इन्स्टॉल होताच तो त्या संगणकावरच्या क्लाउडच्या, कोड ठेवण्याच्या 'गिटहब' या संकेतस्थळाच्या आणि एनपीएमच्या किल्ल्या शोधायचा, त्या गिटहबवर सगळ्यांना दिसतील अशा उघड्यावर टाकायचा आणि सापडलेल्या एनपीएमच्या किल्लीने त्या माणसाच्या इतर पॅकेजेसमध्येही शिरायचा. आता मेल पाठवून कुणाला फसवायचीही गरज नव्हती. सर्व्हर उभा करणाऱ्याच्या संगणकावर क्लाउडची किल्ली अनेकदा असते, मग तो सर्व्हर पावसाच्या नोंदींचा का असेना.

२२ सप्टेंबरला एनपीएम चालवणाऱ्या गिटहबने सांगितलं, तेव्हा काढून टाकलेल्या पॅकेजेसचा आकडा ५०० च्या वर गेला होता.