फोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर घ्यावा का? कुठे ऐकणार, त्यावरून ठरवा

मागच्या दिवाळीला नेवाशाला घरी गेलो होतो, तेव्हा आमच्या आबांनी एक काम सांगितलं. "बाळा, मला ज्ञानेश्वरी ऐकायचीय. फोन नको. एक बटण दाबलं की सुरू झालं पाहिजे." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे. ऑनलाइन एक छोटा एमपीथ्री प्लेअर मागवला, अठरा अध्यायांच्या फाइल कॉपी केल्या आणि पुण्याला परत आलो. तिसऱ्या दिवशी आबांचा फोन. "अरे, हा पहिल्या अध्यायानंतर थेट दहावा लावतोय!"

नेवाशात ही चूक खपणारी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली इथेच सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून माउली बसले तो पैस खांब आजही इथे आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अध्यायांचा क्रम तोंडपाठ असतो.

मग मी या विषयात जरा खोलात शिरलो. ऐकायचं डिव्हाइस निवडताना आपण आधी ब्रँड, मग किंमत, मग बेस बघतो. पण आधी विचारायला हवं की हे ऐकणार कोण, आणि कुठे बसून? घरात, एसटीत, की रात्री शेतात? तिन्हीकडे उत्तर वेगळं येतं.

फोन आहे, मग प्लेअर कशाला?

प्रश्न बरोबर आहे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ चा. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ चा, ५ जीबीचा, "खिशात एक हजार गाणी" म्हणून विकलेला. आणि २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला, कारण हे सगळं फोनमध्ये आलं. सोनी अजून अँड्रॉइडवाले वॉकमन बनवते, एनडब्ल्यू-ए३०६ हा २०२३ मध्ये भारतातही आला, पण त्याच्या किमतीत चांगला फोन येतो. तो शौकिनांचा माल आहे. आपल्यापैकी बहुतेकांना फोन पुरतो, उगाच खर्च करू नका.

वेगळं डिव्हाइस घ्यायची कारणं तीनच. ऐकणाऱ्याला टचस्क्रीन नको आहे, फोनची बॅटरी वाचवायची आहे, किंवा ऐकताना नोटिफिकेशन आणि रील्स नको आहेत. तिसरं कारण अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी खरं आहे, हे मी स्वतःवरून सांगतो.

पायी वारीला जाणाऱ्यांसाठी दुसरं कारण महत्त्वाचं. मुक्कामाच्या ठिकाणी एका चार्जिंग पॉइंटला दहा-पंधरा फोन लटकलेले असतात. तिथे बदलता येणारी बॅटरी असलेला मेमरी कार्डचा रेडिओ कामाला येतो. अशा बऱ्याच रेडिओंना जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी बसते. ती तालुक्याच्या गावात सहज मिळते, एक जादा घेऊन खिशात ठेवली की झालं. घेताना मागचं झाकण उघडून बघा, बॅटरी आत पक्की बसवलेली असेल तर हा फायदा नाही. सारेगामाचा कारवां २०१७ मध्ये आला आणि चालला, तोही याच गरजेवर. गाणी आधीच भरलेली, मोठं बटण, आणि मराठी आवृत्तीसुद्धा.

दहावा अध्याय दुसरा का लागला?

आता आमच्या आबांचा घोटाळा. कॉम्प्युटर नावं अक्षरागणिक लावतो. फाइलची नावं "अध्याय १, अध्याय २… अध्याय १८" अशी असतील तर साधा प्लेअर १ नंतर १० लावतो, कारण दोन्हींचं पहिलं अक्षर १. मग ११ ते १८, आणि त्यानंतर बिचारा २. फोनमधले ॲप बहुतेक वेळा एवढे शहाणे असतात, स्वस्त प्लेअर नसतात. उपाय सोपा आहे, नावं ०१, ०२ अशी दोन आकड्यांनी सुरू करा.

मी हे केलं, तरी क्रम चुकला! मग कळलं की कित्येक स्वस्त प्लेअर नाव बघतच नाहीत. फाइल ज्या क्रमाने कार्डवर कॉपी झाली, त्याच क्रमाने ते वाजवतात. अठरा फाइल एकदम सिलेक्ट करून पेस्ट केल्या की हा क्रम आपल्याला हवा तसाच राहील याची खात्री नाही. शेवटी कार्ड फॉरमॅट केलं आणि एकेक फाइल क्रमाने टाकली. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आणखी एक. फाइलला देवनागरीत नाव दिलं तर छोट्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात, कारण त्या प्लेअरमध्ये आपल्या लिपीचा फाँटच नसतो. नावं इंग्रजी अक्षरांत द्या.

कार्ड केवढं घ्यायचं? इथे लोक उगाच मोठं कार्ड घेतात. हिशोब करू. १२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण १ एमबी घेते, म्हणजे तासाला ५८ एमबी. नुसता बोलण्याचा आवाज असेल तर ६४ केबीपीएस पुरतं, तासाला २९ एमबी. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांहून जास्त ओव्या आहेत. एका ओवीला १२ सेकंद धरले तर ३० तास होतात. म्हणजे अख्खी ज्ञानेश्वरी १ जीबीच्या आत बसते! ३२ जीबीचं कार्ड घेतलं तरी त्यात १२८ केबीपीएसची साडेपाचशे तासांची गाणी मावतात.

३२ वर थांबायला दुसरंही कारण आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, त्यावरची एक्सफॅटने. जुन्या धाटणीच्या प्लेअरला एक्सफॅट वाचताच येत नाही, तो "नो कार्ड" म्हणून मोकळा होतो. आणि स्वस्तात १२८ जीबी मिळतंय म्हणून भाळू नका. नकली कार्डं वर १२८ दाखवतात, आत ८ असतात, आणि ८ भरले की पुढच्या फाइल गायब. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतो.

गाणी आणायची कुठून, हाही प्रश्न आहे. स्ट्रीमिंग ॲपमधून "डाउनलोड" केलेलं गाणं कुलूपबंद असतं, ते त्याच ॲपमध्ये वाजतं. कार्डवर टाकून उपयोग नाही. एमपीथ्री म्हणून विकत मिळणारी किंवा मोकळ्या परवान्याची रेकॉर्डिंग लागतात. आणि १२८ ची फाइल कन्व्हर्टरमध्ये घालून ३२० ची केली तर फक्त फाइल फुगते. जो आवाज आधीच कापून टाकलाय तो परत येत नाही.

दुकानात दोन गोष्टी जरूर तपासा. एक, मध्येच बंद करून परत चालू केल्यावर तिथूनच पुढे सुरू होतं का? दीड तासाचा अध्याय दर वेळी पहिल्यापासून लागला तर आजोबा दोन दिवसांत ते यंत्र कपाटात ठेवतील. दोन, चार्जिंग. काही स्वस्त डिव्हाइसना टाइप-सी पोर्ट असतो, पण आतले दोन छोटे रेझिस्टर कंपनीने वाचवलेले असतात. मग दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाही, आपल्याला वाटतं बिघडलं. जुन्या चपट्या यूएसबी पिनची केबल लावून बघा, चालेल.

आबांना शब्द का कळेनात?

क्रम लागला तरी आबा म्हणाले, "आवाज येतोय, शब्द कळंना." आबांनी साखर कारखान्यात मिलच्या आवाजात तीस वर्षं काढली. सततच्या मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा सगळा सारखा जात नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे वरचे सूर जातात. स, श, थ, फ या अक्षरांची ओळख वरच्या सुरांतच असते. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. अशा वेळी आपण काय करतो? "बेस बूस्ट"वाला दणदणीत स्पीकर आणतो. बेस वाढला की उरलेसुरले शब्दही झाकले जातात. बोलणं ऐकायचं असेल तर बेस कमी आणि मधला, वरचा आवाज स्वच्छ असलेला साधा स्पीकर घ्या. दुकानात डीजेचं गाणं लावून नका बघू, बातम्या लावून बघा.

हे सगळं तुमच्या कानालाही लागू आहे, फक्त मिलच्या जागी इअरबड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला फक्त अडीच. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. गाणं बंद केल्यावर कानात गुंईऽ वाजत राहिलं तर तो इशारा समजा.

आवाज वाढतो कुठे? एसटीत. नेवासा फाट्यावरून पुण्याच्या गाडीत बसलात की चार-साडेचार तास इंजिनची घरघर. तिच्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आपण व्हॉल्यूम चढवत जातो आणि उतरवायचं विसरतो. इथे एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज कापणारे इअरबड, खरंच पैसे वसूल करतात. त्यातला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो. सलग, खालच्या सुरातल्या घरघरीवर हे उत्तम चालतं, अचानक वाजणाऱ्या हॉर्नवर फारसं नाही. बजेट नसेल तर कानात घट्ट बसणारं रबर असलेला साधा वायरवाला इअरफोनही बराच आवाज अडवतो. फायदा हा की कमी व्हॉल्यूमवर ऐकता येतं.

रात्री दारं धरायला जाताना

हेच एएनसी शेतात मात्र घात करेल. आपल्याकडे शेतीची लाईट कित्येकदा रात्रीची असते. मोटर चालू करून उसाला पाणी द्यायला, दारं धरायला पोरं एकटी जातात आणि सोबत म्हणून दोन्ही कानांत इअरबड. नेवासा तालुक्यात ऊस भरपूर आणि उसात बिबट्या. मागे पाचट वाजलं तरी कळणार नाही. सापाचं तेच, कुत्रं भुंकलं तर तेही ऐकू यायला हवं.

वनविभागाच्या सूचना उलट्या आहेत. एकटं जाऊ नका, आणि मोबाईल किंवा रेडिओवर मोठ्याने गाणी लावून चाला, म्हणजे जनावराला माणसाची चाहूल लागते. म्हणजे शेतासाठी योग्य डिव्हाइस इअरबड नाहीच, खिशातला छोटा स्पीकर किंवा एफएम रेडिओ आहे. शेताच्या बाहेर एका कानात ऐकायचंच असेल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" चालू करा, नाहीतर दुसऱ्या कानातली वाद्यं तुम्हाला ऐकूच येणार नाहीत. बाईकवर तर एका कानातही नको.

शेतासाठी स्पीकर घेताना आयपी नंबर बघा. आयपीएक्स४ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांना चालेल. त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणी घेतलेलीच नाही. चरात पडला तरी टिकायला हवा असेल तर आयपी६७ बघा.

ब्लूटूथबद्दल थोडं

कोडेकच्या नावांत फार अडकू नका. सगळीकडे चालणारा एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, एलडॅक ९९० पर्यंत. पण तुमचं गाणंच १२८ चं असेल तर एलडॅकने ते सुधारत नाही. त्यापेक्षा बॅटरी बघा. इअरबडच्या आत जेमतेम ३०-५० एमएएचची बॅटरी असते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. दोन-तीन वर्षांत ती दमते, मग जोडी फेकायचीच. नेकबँडची बॅटरी मोठी असते, शिवाय एक कानातून पडून उसात हरवायची भीती नाही. वायरवाल्याला तर चार्जिंगच नाही. आणि ज्या फोनमध्ये एफएम आहे त्यात ती वायरच अँटेनाचं काम करते.

आमच्याकडे शेवटी काय घेतलं? बीएल-५सी बॅटरीचा, मेमरी कार्डचा छोटा रेडिओ, पुढे लागणारं मोठं बटण आणि जिथे थांबलं तिथून सुरू होणारा. कार्ड ३२ चं, अध्याय ०१ ते १८, एकेक करून टाकलेले. आबांचा सध्या तेरावा अध्याय चालू आहे. त्यात स्लीप टायमर नाही, हे मी बघायला विसरलो. त्यामुळे आबांना झोप लागली की रोज रात्री आजी उठून तो बंद करते, आणि मला फोनवर ऐकवते.