फत्तेखानांनी जागा ‘दिली’ की ‘दिली आहे’?

महाड-पोलादपूरकडच्या मुलांच्या इंग्रजी निबंधात एक वाक्य मला हमखास भेटतं: ‘बाबासाहेब हॅज ड्रंक वॉटर इन १९२७.’ मुलांचा तरी काय दोष? ‘१९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले आहेत’ हे मराठीत कुणाला खटकत नाही. आपला ‘आहे’ म्हणजे ग्वाही, हे घडलंय याची. इंग्रजीत मात्र साल, ‘यस्टरडे’ किंवा ‘अगो’ आलं की तो काळ संपला. तिथे साधा भूतकाळच, ‘ड्रँक’. ‘सिन्स’, ‘सो फार’, ‘एव्हर’ हे शब्द आजपर्यंत पोहोचतात, म्हणून त्यांच्यासोबत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. ‘धिस मॉर्निंग’ तर गमतीदारच: सकाळी बोलाल तर ‘हॅव’, दुपारी साधा भूतकाळ.

आता महाडच्याच तारखा घ्या. २० मार्च १९२७, तळ्यावर सत्याग्रह: ‘ड्रँक’. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचं दहन: ‘बर्न्ट’. १७ मार्च १९३७, उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा तळ्यावरचा हक्क मान्य केला: ‘रूल्ड’. पण ‘तेव्हापासून आजवर लोक इथे येत आले आहेत’ म्हणायचं तर ‘हॅव बीन कमिंग’.

त्या डिसेंबरातल्या परिषदेच्या मंडपासाठी जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. सालासकट सांगायचं तर ‘गेव्ह’. आणि ‘हॅव यू एव्हर हर्ड ऑफ हिम?’ हा प्रश्न मी आमच्याच पोरांना विचारतो. ‘एव्हर’ आहे, म्हणून ‘हॅव’. उत्तर बहुतेक वेळा ‘नो, नेव्हर’ येतं.