ऑनलाइन खेळांतील दोष, खेळाडूंचे विनोद आणि किफायतशीर संगणकाची जुळणी

संगणकावरील ऑनलाइन खेळ ऐन वेळी अडखळला, पात्र भिंतीत अडकले किंवा सर्व्हरशी संपर्क तुटला, की खेळाडूंमध्ये प्रथम विनोद सुरू होतात. त्यानंतर चर्चा बहुधा नव्या ग्राफिक्स कार्डाकडे किंवा वाढीव रॅमकडे वळते. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. दोष खेळाच्या प्रोग्राममध्ये असेल, तर यंत्रावर केलेला खर्च वाया जातो. गेल्या दोन दशकांतील काही गाजलेल्या घटना, दोष ओळखण्याच्या पद्धती आणि कमी खर्चात संगणक जुळवताना घ्यावयाची काळजी यांचा हा आढावा.

'बग' म्हणजे काय?

प्रोग्राममधील चुकीला संगणकाच्या परिभाषेत 'बग', म्हणजे किडा, असे म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये पंख असलेला एक कीटक अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. यंत्रातील बिघाडासाठी अभियंते हा शब्द त्यापूर्वीपासून वापरत होते. या घटनेने त्याला प्रसिद्धी मिळाली. दोष दूर करण्यासाठी निर्माती कंपनी जी दुरुस्ती पाठवते तिला 'पॅच', म्हणजे ठिगळ, हे नाव आहे.

खेळ सीडीवर विकले जात, त्या काळी विक्रीनंतर दुरुस्ती करणे अवघड होते. इंटरनेटमुळे ती सोय झाली. मात्र अर्धवट तयार झालेला खेळ आधी बाजारात आणायचा आणि ठिगळे मागाहून लावायची, ही प्रवृत्तीही त्यामुळेच वाढली.

गाजलेले दोष, गाजलेले विनोद

'हा दोष नव्हे, हे तर वैशिष्ट्य आहे' हा प्रोग्रामरांचा जुना विनोद खेळाडूंनीही आपलासा केला आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात सप्टेंबर २००५ मध्ये घडलेली घटना त्याचे उत्तम उदाहरण आहे. खेळातील एका बलाढ्य शत्रूच्या शापामुळे पात्रांना संसर्ग होत असे. तो एका ठरावीक प्रदेशापुरताच राहावा, अशी योजना होती. परंतु पात्रांच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो बाहेर पडला आणि खेळातील शहरांमध्ये नवख्या खेळाडूंची पात्रे धडाधड मरू लागली. अखेर ब्लिझार्ड कंपनीला सर्व्हर पूर्वस्थितीत आणावे लागले. उल्लेखनीय बाब म्हणजे, साथीच्या काळात माणसे कशी वागतात याच्या अभ्यासासाठी संशोधकांनी पुढे या घटनेचा आधार घेतला. त्याविषयीचा लेख २००७ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मे २०१२ मध्ये याच कंपनीचा 'डायब्लो-३' हा खेळ दाखल झाला. तो एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेले असणे बंधनकारक होते. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर प्रचंड ताण आला आणि 'एरर ३७' हा संदेश थट्टेचा विषय बनला. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी'मध्ये काही पात्रांचे चेहरेच नाहीसे होऊन केवळ डोळे आणि दात दिसत. ती छायाचित्रे जगभर फिरली आणि युबीसॉफ्ट कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

यंत्राच्या क्षमतेवरील सर्वांत प्रसिद्ध विनोद २००७ च्या 'क्रायसिस' या खेळाने दिला. कोणताही नवा संगणक समोर आला की 'यावर क्रायसिस चालेल का?' असे विचारले जाऊ लागले. प्रोसेसरच्या एकाच गाभ्याचा वेग वाढत राहील, या अपेक्षेने हा खेळ लिहिण्यात आला होता. प्रत्यक्षात प्रोसेसरमधील गाभ्यांची संख्या वाढत गेली. परिणामी पुढील काळातील महाग संगणकांवरही तो अडखळत असे. २०२० मधील सुधारित आवृत्तीत निर्मात्यांनी चित्रदर्जाच्या सर्वोच्च पातळीला याच प्रश्नाचे नाव दिले.

दोष कोणाचा? दोन बोलकी उदाहरणे

'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा खेळ २०१३ मध्ये सुरू झाला. तो उघडण्यास लागणारा वेळ हा खेळाडूंच्या तक्रारींचा आणि विनोदांचा कायमचा विषय होता. संगणक जुना असल्याने असे होते, असा अनेकांचा समज होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने त्याचे खरे कारण शोधून काढले. खेळातील वस्तूंची सुमारे ६३ हजार नोंदींची एक यादी उघडताना वाचली जात असे. प्रत्येक नोंद वाचताना प्रोग्राम उर्वरित मजकुराची लांबी नव्याने मोजत होता. शिवाय नोंदींची पुनरावृत्ती टाळण्यासाठी प्रत्येक नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहिली जात होती. केवळ या ताडणीच्या तुलना २०० कोटींच्या घरात जात होत्या. दुरुस्तीनंतर त्या प्रोग्रामरच्या संगणकावरील सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला. रॉकस्टार कंपनीने मार्च २०२१ मध्ये ही दुरुस्ती स्वीकारून त्याला १० हजार डॉलर पारितोषिक दिले. जो विलंब टाळण्यासाठी नवी यंत्रे घेतली जात होती, त्याचे मूळ काही ओळींच्या मजकुरात होते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड' या ऑनलाइन खेळाच्या चाचणीदरम्यान काही खेळाडूंची महागडी ग्राफिक्स कार्डे निकामी झाली. खेळावर टीकेची झोड उठली. ॲमेझॉनने खेळाच्या प्रारंभिक पडद्यावरील चित्रगतीवर मर्यादा घातली. मात्र संबंधित कार्डांपैकी २४ कार्डांच्या काही भागांचे डाखकाम सदोष असल्याचे ईव्हीजीए या उत्पादक कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. येथे खेळ केवळ निमित्त ठरला होता.

अंतराचा हिशेब : कुंभकोणमचे उदाहरण

प्रोग्राम आणि यंत्र यांखेरीज तिसरे कारण इंटरनेटच्या जोडणीत असते. महानगरांपासून दूर असलेल्या खेळाडूंच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे ठरते. कावेरीच्या तीरावरील कुंभकोणमचे उदाहरण घेता येईल. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेलेले हे शहर तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या राज्यामुळे हा परिसर मराठी वाचकांना परिचित आहे.

काचतंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कुंभकोणमपासून चेन्नईचे सरळ अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन परत येण्यास किमान अडीच मिलिसेकंद लागतात. मुंबईसाठी हा काळ सुमारे ११, तर सिंगापूरसाठी सुमारे २९ मिलिसेकंद होतो. तारा सरळ रेषेत नसल्याने आणि वाटेत अनेक उपकरणे असल्याने प्रत्यक्षातील आकडे यापेक्षा बरेच मोठे असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकते, हे लक्षात घेतल्यास सर्व्हरच्या ठिकाणाचे महत्त्व कळते. हा विलंब महागड्या ग्राफिक्स कार्डाने कमी होत नाही. खेळात जवळचा सर्व्हर निवडणे आणि वायफायऐवजी थेट केबल जोडणे, हे त्यावरील कमी खर्चाचे उपाय आहेत.

खर्चापूर्वी तपासणी

दोषाचे स्वरूप पाहून त्याचे मूळ बऱ्याच अंशी ओळखता येते.

- चित्र सुरळीत हलते, परंतु पात्र अचानक मागे खेचले जाते किंवा गोळी उशिरा लागते : जोडणी अथवा सर्व्हर.
- इंटरनेट न लागणाऱ्या खेळातही चित्र तुटक दिसते : प्रोसेसर, ग्राफिक्स किंवा रॅम अपुरी.
- खेळ काही वेळ नीट चालतो आणि मग मंदावतो : यंत्र तापणे. पंखे आणि धूळ तपासावी.
- ताण वाढताच संगणक बंद पडतो : एसएमपीएस किंवा विजेचा दाब.
- एकाच ठिकाणी सर्व खेळाडूंना तीच अडचण येते : प्रोग्राममधील दोष. पॅचची वाट पाहावी.

किफायतशीर जुळणी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, चेन्नईतील रिची स्ट्रीट, बेंगळुरूतील एस. पी. रोड आणि दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठांतून सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेण्याची पद्धत जुनी आहे. लहान शहरांतील विक्रेतेही आपला माल बहुधा अशाच बाजारपेठांतून आणतात.

कमी खर्चाच्या जुळणीत प्रथम पडदा ठरवावा. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा घेतल्यास ग्राफिक्सवरील भार मर्यादित राहतो. ज्यांना साधे ऑनलाइन खेळ खेळायचे आहेत, त्यांनी अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन स्वतंत्र कार्ड नंतरसाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. अशा प्रोसेसरसोबत रॅमची एक पट्टी घेण्याऐवजी तितक्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या घेतल्यास चित्रगतीत लक्षणीय फरक पडतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. काटकसर एसएमपीएसमध्ये करू नये. हलक्या दर्जाचा एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन जातो. दमट हवामानात आणि विजेचा दाब अस्थिर असलेल्या भागांत हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट आणि यूपीएस या चैनीच्या वस्तू नव्हेत.

भागांच्या किमती जागतिक घडामोडींनुसार बदलतात. आभासी चलनाच्या उत्खननामुळे २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर तीच कार्डे वापरलेला माल म्हणून बाजारात आली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले.

कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्त मिळतात. मात्र विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असून विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. 'व्हॅलोरंट'सारखे खेळही विंडोज ११ वर तिची मागणी करतात. ती नसलेले यंत्र कमी किमतीतही महाग पडू शकते.

ग्राहकाचे हक्क

जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. त्यामुळे अनुक्रमांकासह पक्की पावती घ्यावी आणि खोकी जपून ठेवावीत. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी पावती टाळल्यास हमी मिळवणे कठीण होते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ऑनलाइन खरेदीचाही समावेश होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. स्टीम या विक्रीमंचावरून घेतलेला खेळ साधारणतः खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास परत करता येतो. आपल्या यंत्रावर खेळ चालतो की नाही, हे या दोन तासांतच पाहून घेणे हिताचे.

सदोष खेळावर हसण्यास खर्च येत नाही, आणि बहुतेक दोष कालांतराने दुरुस्तही होतात. घाईने घेतलेल्या भागाचे पैसे मात्र परत येत नाहीत. म्हणूनच दोष खेळाचा, जोडणीचा की यंत्राचा, हे ठरल्याशिवाय खर्च करू नये.